गाडी बांधायची तर चाकाला धरून

ट्रेलरवर गाडी चढवली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, पुढच्या-मागच्या टो हुकाला पट्टे अडकवून खच्चून ताणले. नवा माणूस इथवर आला की हात झटकून मोकळा होतो. पट्टे टणटण वाजतायत, गाडी हलत नाही, झालं काम. मीही सुरुवातीला अशाच गाड्या बांधायचो. एकदा उतरवायला गेलो तर मागचा एक हूक डेकवर, म्हणजे ट्रेलरच्या सपाट पाटावर, नुसता पडलेला. पट्टा तुटला नव्हता, हूक वाकला नव्हता. वाटेत कुठेतरी गाडी स्प्रिंगवर दबली, पट्टा क्षणभर सैल झाला आणि हूक आपला निसटून खाली.

गाडीत दोन वेगळी वजनं आहेत असं समजा. खाली डेकवर टेकलेली चाकं, आणि वर स्प्रिंगांवर डोलणारी बॉडी. पट्टा बॉडीला लावला की प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंग दबते आणि पट्टा ढिला पडतो. स्प्रिंग उसळते आणि पट्ट्याला हिसका बसतो. यावर जुन्या लोकांचा उपाय म्हणजे पट्टा इतका ओढायचा की स्प्रिंग पूर्ण दबूनच राहावी. मग सगळा प्रवास शॉकअपची सीलं आणि रबरी बुश तो ताण सोसत बसतात. टायर मात्र डेक सोडत नाही. पट्टा टायरवरून घेतला की बॉडी वर हवी तेवढी डोलू दे, पट्ट्याला त्याची खबरही लागत नाही.

जोर किती धरायचा, याचे आकडे ठरलेले आहेत. युरोपचं ईएन १२१९५-१ हे मानक आणि अमेरिकेचे माल बांधण्याचे नियम दोन्ही रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी साधारण एकच हिशेब सांगतात: पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, मागे आणि दोन्ही बाजूंना ०.५ पट. म्हणजे १५०० किलोची गाडी जोरात ब्रेक लागल्यावर १२०० किलोच्या जोराने पुढे धावू पाहते, आणि वळणावर ७५० किलोच्या जोराने बाजूला. आता हँडब्रेकचा विचार करा. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या दोन चाकांवर असतो. तोंड पुढे करून उभी केलेली गाडी ब्रेक लागताच पुढे झुकते, मागचा भार हलका होतो, आणि ज्या क्षणी हँडब्रेकची खरी गरज असते त्याच क्षणी त्याची पकड सगळ्यात कमी असते. हँडब्रेक ओढायचाच. पण त्याला बांधणी समजू नका.

हाताशी काय हवं

चाकाचे पट्टे, रॅचेट (पट्टा आवळायचं दातेरी यंत्र), चाकाखाली लावायचे ठोकळे (गाडीवानांच्या भाषेत उटी), जाड हातमोजे, बॅटरी. टॉर्चवाली बॅटरी म्हणतोय मी, कारण निम्मी तपासणी चाकाच्या मागच्या अंधारात करायची असते.

पट्टा विकत घेताना रंगापेक्षा त्यावर शिवलेली चिठ्ठी बघा. निळी चिठ्ठी म्हणजे पॉलिस्टर, हिरवी म्हणजे नायलॉन, तपकिरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. गाड्यांसाठी पॉलिस्टरच घ्यायचा, कारण तो कमी ताणतो आणि पाणी फारसं पीत नाही. चिठ्ठीवर दोन आकडे असतात आणि नव्या माणसाचा गोंधळ तिथेच होतो. ‘एलसी’ म्हणजे सरळ ओढीत पट्टा किती जोर सहन करेल. ‘एसटीएफ’ म्हणजे रॅचेटचा दांडा हाताने ५० डेकान्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ५० किलोच्या जोराने ओढून सोडल्यावर पट्ट्यात प्रत्यक्ष किती ताण उरतो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान असतो. एलसी १५०० लिहिलंय म्हणून आपण १५०० किलोने आवळलंय असं कुणी समजत असेल, तर तो गैरसमज आहे. आणि तो भरून काढायला दांड्यात पाइप घालून ओढणं हा त्याहून मोठा. दांडा हाताच्या जोरासाठी बनवलेला असतो.

चिठ्ठी फाटली किंवा वाचता येईना, तर पट्टा बाद. कडेला पट्ट्याच्या रुंदीच्या दहाव्या भागाहून मोठा काप असेल, तरी बाद. गाठ मारलेला पट्टा तर हातातही घेऊ नका. गाठीपाशी त्याची ताकद कुठल्या कुठे जाते.

चढवताना

ट्रेलर सपाट जागेवर, स्वतःच्या ब्रेकवर आणि ठोकळ्यावर उभा हवा. चढवण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा: टायरमध्ये हवा किती आहे, चाकाची कुठली डिस्क (रिम) तडकली आहे का, आधीचे ओरखडे कुठे आहेत. ओरखड्यांचे फोटो काढून ठेवले की पुढचे वाद वाचतात. टायरची हवा मात्र वाद टाळायला नव्हे, बांधणीसाठी बघायची. हवा कमी असलेला टायर पट्ट्याखाली दबत राहतो आणि पट्टा आपोआप सैल होतो.

गाडी डेकच्या मधोमध, चारही चाकं सरळ. स्टिअरिंग थोडं जरी वळलेलं राहिलं तर पट्टा टायरच्या मधून न जाता एका कडेला ओढतो आणि तासाभरात घसरतो. जागेवर आली की इंजिन बंद, गिअर टाका, हँडब्रेक ओढा. मग बाहेर येऊन गाडीला बॉनेटवरून आणि डिकीवरून दोन-दोन वेळा दाबून हलवा. स्प्रिंगा आपल्या जागी बसतात. गाडी चढताना आकसून राहिलेली असते; न हलवता बांधली तर पहिल्याच गतिरोधकावर ती जरा खाली बसते आणि चाकाचा कोन अंमळ बदलतो.

ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’ (पार्क) लावल्यावर आत एक छोटी लोखंडी जीभ दातेरी चाकात अडकते. तिच्यावर सगळी गाडी टांगू नका. क्रम असा ठेवा: आधी हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, मग ‘पी’.

ठोकळा: उंची किती?

कुठलाही दगड, लाकडाचा तुकडा चाकाला लावायची सवय असते, म्हणून हा हिशेब मांडतो. ६० सेंटीमीटर व्यासाचं चाक घ्या. चाक पूर्ण मोकळं फिरतंय आणि पुढून ०.८ पट जोर आला, असं धरलं तर ते ठोकळ्यावर चढू नये म्हणून, चारही चाकांना ठोकळे असतील तेव्हा, कागदावर सुमारे साडेसहा सेंटीमीटर उंची लागते. एकाच अॅक्सलला ठोकळे लावले आणि गाडीचं निम्मं वजन त्यावर असेल, तर तीच उंची चौदा सेंटीमीटरवर जाते. दुपटीपेक्षा जास्त. मनाने हा आकडा कुणी काढत नाही. म्हणूनच दोन चाकांना बारीकशी पाचर लावून निघालेले ट्रेलर दिसतात.

हा हिशेब ठोकळा स्वतः सरकणार नाही हे गृहीत धरतो. ओल्या पत्र्यावर नुसता ठेवलेला ठोकळा चाकासोबत पुढे ढकलला जातो. जाळीच्या डेकवर खाली खुंटी असलेले ठोकळे मिळतात, ते जाळीत बसतात. रेल्वेच्या गाडी वाहणाऱ्या डब्यांतही हेच तत्त्व असतं: ठोकळा जाळीत अडकवायचा आणि वरून टायरवर पट्टा. खुंटीची सोय नसेल तर ठोकळा डेकला खिळा किंवा बोल्टने पक्का करा. ठोकळ्याचं तोंड टायरच्या मधोमध, टायरला चिकटून.

पट्टा टाकायची रीत

इथे घाई करू नका. एका चाकाची कृती पूर्ण सांगतो, बाकीची तशीच.

सगळ्यात भरवशाचा म्हणजे तीन ठिकाणी अडकणारा पट्टा. त्यावर तीन रबरी ठोकळे सरकवता येतील असे ओवलेले असतात. पट्ट्याचं एक टोक चाकाच्या मागे, टायरच्या अगदी रेषेत, डेकच्या भोकात अडकवा. पट्टा टायरच्या पाठीवरून वर घ्या, माथ्यावरून पुढे, आणि खाली उतरवून चाकाच्या पुढच्या भोकातल्या हुकातून वळवा. तिथून तो डेकला जवळपास समांतर जाऊन रॅचेटला मिळतो आणि रॅचेट तिसऱ्या भोकात अडकतं. आता रबरी ठोकळे सरकवा: एक मागे, एक माथ्यावर, एक पुढे. प्रत्येकाच्या खालचे दाते टायरच्या नक्षीच्या खाचांत बसले पाहिजेत. बोटाने ढकलून बघा. ठोकळा बाजूला सरकला तर बसलेला नाही.

पट्टा फक्त टायरच्या पाठीला लागावा, बाजूच्या भिंतीला नाही. वर मडगार्डची कड, आत ब्रेकचा पाइप आणि सेन्सरची वायर यांना तो कुठेही शिवता कामा नये. बॅटरी मारून आत बघा. बघायला वाकावं लागतं म्हणून लोक बघत नाहीत.

रॅचेटच्या गाभ्यावर (पट्टा गुंडाळणाऱ्या मधल्या दांडीवर) किमान दीड ते दोन वेढे हवेत, म्हणजे पट्टा स्वतःवरच घट्ट बसतो. तीनापेक्षा जास्त झाले तर तो गाभ्यात तुंबतो. आधी मोकळा पट्टा हाताने पूर्ण ओढून घ्या, मगच दांडा चालवा. चार-पाच कटकटींत टायर पट्ट्याखाली किंचित दबलेला दिसतो. तेवढं पुरे. टायर हीच इथे स्प्रिंग आहे. तो दबलेला राहिला की पट्टा सैल पडत नाही. दांडा पूर्ण मिटवून खाचेत बसवा आणि पट्ट्याची उरलेली शेपटी गुंडाळून खोचा. मोकळी शेपटी वाऱ्यावर फडफडत दाराचा रंग घासते.

दुसरा प्रकार फासाचा: पट्टा टायरभोवती फिरवून स्वतःच्याच कडीतून काढायचा आणि एका दिशेला ओढायचा. आडव्या हुकाच्या साध्या ट्रेलरवर तो सोयीचा पडतो. पण फास एकाच बाजूला ओढतो, म्हणून पुढची चाकं पुढे आणि मागची मागे, असं समोरासमोर ताणावं लागतं. सगळे फास एकाच दिशेला लावलेली गाडी बांधलेली दिसते, असते नाही.

डिस्कच्या आऱ्यांमधून पट्टा ओवायचा मोह टाळा. आतला ब्रेक कॅलिपर, होज आणि मिश्रधातूच्या डिस्कची धारदार कड यांपैकी कुणीतरी एक जण हरतोच. आणि खालच्या कंट्रोल आर्मला किंवा टाय रॉडला (चाक जागेवर धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या दांड्यांना) हूक लावून ओढणं तर अजिबात नको. मी एकदा ते केलंय. उतरवून पाहिलं तर गाडी सरळ जात होती आणि स्टिअरिंग तिरकं. अलाइनमेंटचा खर्च आणि मालकाचे शब्द, दोन्ही सोसले.

किती चाकं बांधायची? अमेरिकी नियम ४,५०० किलोपर्यंतच्या मोटारींना किमान दोन बांधण्या सांगतो, एक पुढे आणि एक मागे, आणि चाकावरून घेतलेले पट्टे त्याला चालतात. मी चारही बांधतो. पट्टा कमी पडला म्हणून कधी तीनवर आलो तरी दोनवर कधीच नाही. जहाजाच्या डेकवर तर चारला पर्याय नसावा असं माझं मत, कारण तिथे जहाज दिवसचे दिवस बाजूला कलंडत राहतं.

निघाल्यावर

पट्टा नवा असो की जुना, सुरुवातीच्या काही किलोमीटरांत बसतोच. पॉलिस्टर थोडं ताणतं, टायर थोडा आकार बदलतो, हूक भोकात नीट बसतो. अमेरिकी नियमात पहिली तपासणी ८० किलोमीटरच्या आत, मग दर ३ तासांनी किंवा २४० किलोमीटरनी, जे आधी येईल तेव्हा. माझी पहिली तपासणी त्याहून फार आधी होते: आवाराबाहेर पडून दोन-चार वळणं आणि एक-दोन गतिरोधक झाले की बाजूला घेतो. प्रत्येक पट्ट्यावर हाताची कड मारायची. घट्ट पट्टा टण्ण करतो, सैल पट्टा थप्प. पाऊस लागला किंवा दुपारचं ऊन उतरून रात्र पडली, तर पुन्हा एकदा.

वेगळ्या गाड्या

इलेक्ट्रिक गाड्यांना चाकाची बांधणी फारच मानवते. बॅटरी पूर्ण तळभर पसरलेली असते, त्यामुळे खालून हूक कुठे लावावा हाच प्रश्न असतो. चाकाला तो प्रश्न नाही. वजन मात्र आधी बघा. मोठी इलेक्ट्रिक गाडी सहज दोन टनांच्या वर जाते आणि छोट्या गाडीसाठी घेतलेले पट्टे तिला अपुरे पडतात. ती ओढून न्यायची वेळ आली तर चालकचाकं रस्त्यावर फिरू देऊ नका. चाक फिरलं की मोटारही फिरते आणि वीज तयार करते. चारही चाकं उचलून सपाट डेकवर, नाहीतर चाकांखाली छोट्या गाड्या घालून. बारा व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर इलेक्ट्रॉनिक ब्रेक सुटत नाही. अशा वेळी विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) फरफटत ओढू नका, जाम चाकाखाली सरकपट्ट्या घाला.

चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांचंही तसंच. दोन चाकं उचलून दोन फिरवत नेली तर आतले गिअर आणि क्लच तापून बसतात.

दुचाकीला पुढचं चाक धरणारा साचा आधी बसवा, म्हणजे ती पट्ट्यांशिवायही उभी राहते. मग पट्टे. हँडलवरून फोर्क पूर्ण दाबून बांधायची सवय सोडा. दबावाखाली तासन् तास राहिलेल्या फोर्कच्या सीलमधून पुढे तेल झिरपू शकतं. मागच्या चाकावरूनही एक पट्टा घ्या, शेपूट बाजूला सरकत नाही.

रोलर, खोदयंत्र यांना हे लागू नाही. त्यांना स्प्रिंगाच नसतात, म्हणून ती चौकटीच्या ठरलेल्या कड्यांतून साखळीनेच बांधतात.

आता पार्किंगचं यंत्र

चाकाला धरण्याची हीच युक्ती स्वयंचलित पार्किंगमध्ये उलट्या बाजूने येते. तिथे गाडी बांधत नाहीत, उचलतात. चपटा रोबो गाडीखाली शिरतो, प्रत्येक चाकाच्या पुढून आणि मागून एकेक हात बाहेर काढतो आणि दोन्ही हात जवळ आणतो. टायर गोल असल्याने दोन्हीकडून चिमटीत सापडला की आपसूक वर सरकतो आणि जमिनीपासून सुटतो. बॉडीला कुणी हातही लावत नाही. ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर २०१४ मध्ये असा रोबो लोकांच्या गाड्या लावू लागला. त्याचे काटे बाजूने येऊन चाकं उचलायचे. युरोपात अशा यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी ईएन १४०१० हे वेगळं मानक आहे.

पहिल्यांदा अशा खोलीत गाडी नेताना हे सांभाळा. यंत्र आधी चाकांमधलं अंतर मोजतं आणि तेवढ्यावरच हात कुठे उघडायचे ते ठरवतं. म्हणून चाकं सरळ हवीत. चाक वळलेलं असेल तर हात टायरच्या पाठीऐवजी कडेला लागतो. हवा उतरलेला टायर चिमटीत नीट वर सरकत नाही, आणि बरीच यंत्रं अशी गाडी परत पाठवतात. बाहेर लटकणारं काही, सायकलचा स्टँड, छतावरचं सामान, उघडी डिकी, हेही ती पकडतात. आरसे मिटा, अँटेना खाली. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं: गाडीत कुणीही नाही, मागच्या सीटवर झोपलेलं मूलही नाही, हे स्वतः दार उघडून बघा. आत माणूस आहे की नाही ते ओळखणारे सेन्सर असले तरी आपले डोळे आधी.

हँडब्रेकचं उत्तर यंत्रानुसार बदलतं. चाक पूर्ण उचलणाऱ्या किंवा ताटावर ठेवून नेणाऱ्या यंत्राला ब्रेक लागलेला हवा. चाकं फिरवत सरकवणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या (कन्व्हेयरच्या) यंत्राला न्यूट्रल लागतो. दारावरची पाटी वाचा, मागच्या वेळचं आठवून करू नका.

साध्या दुमजली लिफ्टवर चाकासाठी एक आडवी उंच कड असते. पुढचं चाक तिला टेकलं की थांबायचं. ती ओलांडून पुढे गेलात तर गाडीचं नाक ताटाबाहेर येतं आणि वर जाताना वरच्या तुळईला भिडतं.

सोडताना

बांधण्यापेक्षा सोडताना जास्त बोटं चेंगरतात. ट्रेलर पुन्हा सपाट जागेवर घ्या. आधी गाडीत बघा: हँडब्रेक आहे, गिअर आहे. प्रवासात कुणीतरी आत बसून काहीबाही हलवलेलं असतं. मग पट्टे, आणि सगळ्यात शेवटी ठोकळे. रॅचेट सोडताना चेहरा पट्ट्याच्या रेषेत नको. दांडा पूर्ण आडवा उघडला की साठलेला ताण एकदम सुटतो. उतारावरच्या बाजूला उभं राहायचं नाही, कुणाला राहू द्यायचं नाही.

पट्टे घरी गेल्यावर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेलं पॉलिस्टर कडक होत जातं, आणि वाळू शिरलेला पट्टा आतून कापला जातो, बाहेरून दिसत नाही. रॅचेटच्या खिटीला तेलाचा एक थेंब, पट्ट्याला एकही नाही.